एक नळी, सहा चेंबर: नेमबाजीसाठी सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ॲरिझोनात राहता, ग्रीन कार्ड मिळालेले आहे, क्लबात .२२ च्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलावर काही वर्षे सराव झालेला आहे, आणि आता २५ व ५० यार्डांवरील कागदी लक्ष्यासाठी, तसेच पुढे जमल्यास धातूच्या सिलुएट स्पर्धेसाठी, एकच पण उत्तम दर्जाचे सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे. कोल्ट, रुगर आणि फ्रीडम आर्म्स या कंपन्यांपैकी कोणाचे घ्यावे, कॅलिबर (गोळीचे माप) कोणते असावे आणि वापरलेले घेतले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी या रिव्हॉल्व्हरांची जुळवणी व दुरुस्ती करतो आणि त्यांवर स्पर्धाही खेळतो. माझा सल्ला आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे. आपल्यासाठी .३५७ मॅग्नम कॅलिबरचे, साडेसहा इंची नळीचे आणि मागची साइट (नेम धरण्याची खाच) फिरवून जुळवता येणारे रुगर ब्लॅकहॉक योग्य आहे. मात्र ते नावावर किंवा झळाळीवर न जाता मापे तपासून घ्यावे. हात सैल सोडणे शक्य असेल तर त्याच कॅलिबरचे फ्रीडम आर्म्स मॉडेल ९७ घ्यावे. कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी हे मला अतिशय प्रिय शस्त्र आहे, तरीही केवळ नेमासाठी ते घ्यावे असे मी सांगणार नाही.

सर्वप्रथम कोणता खेळ खेळायचा हे ठरवावे लागते, कारण सिंगल-ॲक्शनमध्ये प्रत्येक बारानंतर अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. अमेरिकेतील पारंपरिक बुल्सआय (कागदी वर्तुळांवर नेम धरण्याच्या) स्पर्धेच्या टाइम्ड फायरमध्ये २० सेकंदांत ५ आणि रॅपिड फायरमध्ये १० सेकंदांत ५ बार काढायचे असतात. दहा सेकंदांत पाच वेळा पकड मोडून, घोडा चढवून पुन्हा नेम धरणे अशक्य नसले तरी त्यात गुण सांडतातच. त्यामुळे स्लो फायर (सावकाश नेम धरून बार काढण्याचा टप्पा), क्लबातील निवांत स्पर्धा आणि सिलुएट हीच या शस्त्राची खरी मैदाने आहेत. सिलुएटमध्ये कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा या आकारांचे पोलादी पत्रे अनुक्रमे ५०, १००, १५० आणि २०० मीटरांवर उभे केलेले असतात आणि ते नुसते लागून भागत नाही, आडवे पाडावे लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांखालील २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेकडे कधी वळायचे मनात असेल, तर तेथे नळीची कमाल लांबी १५३ मिलिमीटर आहे हे लक्षात ठेवावे. साडेसात इंची सोडाच, साडेसहा इंची नळीही त्या मर्यादेत बसत नाही. काउबॉय पद्धतीच्या सामन्यांत जवळची मोठी पोलादी लक्ष्ये वेगाने मारायची असतात आणि त्यांसाठी लागणारे रिव्हॉल्व्हर निराळेच असते, म्हणून ती बाजू येथे सोडून देतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्या .२२ पिस्तुलात चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, आणि नळी एकाच तुकड्यात किंवा एकमेकांना पक्की धरून असतात, त्यामुळे प्रत्येक गोळी त्याच वाटेने निघते. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी एक आणि चेंबर सहा. ही सहा चेंबर ज्यात असतात तो सिलिंडर फिरून थांबतो तेव्हा समोर आलेले चेंबर नळीच्या अगदी सरळ रेषेत असावे लागते, आणि हे सहाही वेळा तसेच घडावे लागते. गोळी चेंबरच्या पुढच्या अरुंद भागातून, म्हणजे थ्रोटमधून निघते, सिलिंडर व नळी यांमधली फट ओलांडते, नळीच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या फोर्सिंग कोनमध्ये शिरते आणि मग नळीच्या आतल्या पीळदार चरांत पकडली जाते. थ्रोट नळीच्या चरांच्या व्यासापेक्षा लहान असेल तर शिशाची गोळी आधीच दाबली जाऊन बारीक होते, नळीत सैल बसते, तिच्या कडेने गरम वायू निसटतो आणि नळीत शिसे चिकटू लागते. थ्रोट फार मोठा असेल तर गोळी कलंडत नळीत शिरते. म्हणून थ्रोट चरांच्या व्यासाइतका किंवा त्याहून अर्धा ते एक थाऊ मोठा असावा. थाऊ हा आपल्या वर्कशॉपमधला शब्द, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. रिव्हॉल्व्हरचा दर्जा मी प्रामुख्याने या एक-दोन थाऊंत मोजतो. निळ्या पॉलिशची झाक आणि हस्तिदंती रंगाची मूठ यांचा विचार त्यानंतर.

हे मोजणे अवघड नाही. सिलिंडर ज्यावर फिरतो ती बेस पिन काढली की सिलिंडर हातात येतो. चेंबर स्वच्छ पुसून घ्यावीत आणि पुढच्या बाजूने पिन गेज, म्हणजे ठरावीक जाडीची मापाची पिन, घालून पाहावा. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ०.३५८ इंचाची पिन सहाही थ्रोटांत स्वतःच्या वजनाने अलगद उतरली आणि ०.३५९ ची पिन सहाही ठिकाणी अडली, तर समजावे की कारागिराने रीमर (छिद्र मापाला आणणारे हत्यार) नीट चालवला आहे. पाच ठिकाणी पिन उतरते आणि सहाव्या ठिकाणी अडते, असे झाले तर ते सहावे चेंबर आपल्या प्रत्येक ग्रुपमधून, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांच्या पुंजक्यातून, एक गोळी बाहेर टाकणार. नळीचे माप घेण्यासाठी किंचित मोठी मऊ शिशाची गोळी तेल लावलेल्या नळीतून पितळी दांडीने हळूहळू ढकलावी आणि बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने मोजावी. ढकलताना हाताला काय जाणवते तेही महत्त्वाचे आहे. नळी फ्रेममध्ये जेथे आट्यांवर घट्ट पिळून बसवलेली असते तेथे ती कधीकधी आतून आवळली जाते, आणि गोळी त्या जागी आली की दांडी एकदम जड लागते. शिशाच्या गोळ्या वापरणाऱ्याने असा आवळा असलेली नळी एक तर नाकारावी किंवा जाणत्या गनस्मिथकडून दुरुस्त करून घ्यावी.

फ्रीडम आर्म्सची किंमत एवढी का, याचे उत्तर याच मुद्द्यात आहे. वायोमिंगमधील फ्रीडम या छोट्या गावातील या कंपनीने १९८३ मध्ये .४५४ कॅसूल या अतिशय जोरदार काडतुसासाठी मॉडेल ८३ आणले. त्यांच्या पद्धतीत सिलिंडर त्याच्याच फ्रेममध्ये बसवून, लॉक करून, नळीच्या रेषेतून चेंबरांची छिद्रे पाडली जातात. म्हणजे चेंबर आणि नळी सरळ रेषेत येतील अशी आशा करण्याऐवजी ती त्या रेषेतच जन्माला घातली जातात. मोठ्या कारखान्यात सिलिंडर वेगळे बनतात, फ्रेम वेगळ्या बनतात आणि मग एकमेकांना जुळवले जातात. त्यात टॉलरन्स, म्हणजे मापांतला चालवून घेतलेला फरक, वाढत जातो. सिलुएटच्या रिव्हॉल्व्हर गटात फ्रीडम आर्म्सला इतका मान का मिळाला, हे २०० मीटरांवर एकदा ग्रुप काढून पाहिले की पटते. १९९७ चे मॉडेल ९७ आकाराने लहान आहे, .३५७ मध्ये सहा बारांचे आहे आणि त्यात ट्रान्सफर बार हा सुरक्षेचा भाग आहे. ब्लॅकहॉकच्या दोन-तीन पट आणि प्रसंगी त्याहूनही अधिक पैसे मोजावे लागतात, पण मापे तपासण्याचा व दुरुस्तीचा व्याप जवळजवळ संपतो. हे पैसे वाया जात नाहीत, असे मी निःसंकोचपणे सांगतो.

रुगरची गोष्ट निराळी आहे. १९५३ मध्ये .२२ चे सिंगल-सिक्स आणि १९५५ मध्ये .३५७ चे ब्लॅकहॉक आले, तेव्हा रुगरने कोल्टचा जुना आराखडा घेऊन त्यातल्या मोडणाऱ्या चपट्या स्प्रिंगांच्या जागी कॉइल स्प्रिंग घातल्या आणि ब्लॅकहॉकला जुळवता येणारी साइट दिली. १९७३ पासूनच्या न्यू मॉडेलमध्ये ट्रान्सफर बार आहे. चाप पूर्ण मागे ओढलेला नसेल तर घोड्याचा आघात फायरिंग पिनपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे सहाही काडतुसे भरता येतात. त्याआधीचे जुने मॉडेल आणि कोल्ट यांत मात्र पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या चेंबरवर उतरवून ठेवावा, कारण शस्त्र हातातून पडून घोड्यावर आदळले तर त्याखालचे काडतूस उडू शकते. रेंजवर कोणी काहीही सांगितले तरी हा नियम मोडू नये. जुन्या मॉडेलमध्ये सुरक्षित भाग बसवून देण्याची सोय रुगरने मोफत केली होती, त्यामुळे जुने घेताना ते रूपांतर झाले आहे का, हे विचारावे. ब्लॅकहॉक भरभक्कम असते, दुरुस्तीला सोपे असते, भाग सहज मिळतात. उणीव म्हणजे मापांतील फरक. विशेषतः .४५ कोल्टच्या कित्येक ब्लॅकहॉकांत थ्रोट ०.४५० ते ०.४५१ इंचाचे असतात आणि त्यात ०.४५२ ची शिशाची गोळी नाहक पिळली जाते. हे रीमरने वाढवून घेता येते आणि खर्चही बेताचा असतो. याउलट अनेक नव्या कोल्टांत थ्रोट ०.४५६ च्या आसपास भरतात. तेथे इलाज कठीण आहे, कारण धातू काढता येतो, परत घालता येत नाही.

कोल्टविषयी थोडे सविस्तर लिहितो. १८७३ चे सिंगल ॲक्शन आर्मी लष्करासाठी बनले होते. घोडा ओढताना येणारे चार टिकटिक आवाज आणि हातात बसणारा त्याचा तोल यांमुळे माणूस त्याच्या प्रेमात पडतो, मीही पडलेलो आहे. परंतु त्याची मागची साइट म्हणजे फ्रेमच्या माथ्यावर कोरलेली एक खाच आणि पुढची म्हणजे एक निमुळते पाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नेमबाजांनाही हे पुरेना, म्हणून कोल्टने सपाट माथ्याचे टार्गेट मॉडेल काढले आणि १८९४ मध्ये बिस्ले मॉडेल आणले. इंग्लंडमधील सरे परगण्यातील बिस्लेच्या रेंजवर १८९० पासून ब्रिटनच्या मोठ्या नेमबाजी स्पर्धा भरू लागल्या होत्या, त्यावरून हे नाव पडले. त्याची मूठ अधिक उभी, घोड्याची शेंडी खाली व रुंद, आणि चाप अधिक वळलेला होता. हे सगळे बदल एका हाताने नेम धरणाऱ्यासाठीच केलेले होते. पुढे १९६० च्या दशकात जुळवता येणाऱ्या साइटचे न्यू फ्रंटियर आले. कोल्टच हवे असा आपला आग्रह असेल तर ते न्यू फ्रंटियर घ्यावे. इटलीच्या ब्रेशा प्रांतातील कारखान्यांतून येणाऱ्या उबेर्ती व पिएत्ता यांच्या प्रतिकृती पैशाच्या मानाने फार चांगल्या असतात, पण त्यांपैकी बहुतेकांची साइट स्थिर असल्याने आपल्या कामाला त्या उपयोगी नाहीत.

साइटवर एवढा भर का, ते हिशेबाने सांगतो. पुढच्या व मागच्या साइटमधले अंतर ९ इंच धरले आणि लक्ष्य २५ यार्डांवर, म्हणजे ९०० इंचांवर असले, तर साइटवरची चूक लक्ष्यावर शंभरपट होते. पुढची साइट खाचेत १० थाऊंनी सरकली की गोळी एक इंचाने सरकली. ५० यार्डांवर दोन इंचांनी. बुल्सआयच्या ५० यार्डी लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ३.३६ इंच व्यासाचे असते, त्यावरून किती कमी जागा हाती उरते हे दिसेल. स्थिर साइटच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी खाली लागत असेल तर पुढची साइट कानशीने घासावी लागते आणि डावी-उजवीकडे जात असेल तर नळीच किंचित फिरवावी लागते. शिवाय गोळीचे वजन बदलले की मार बदलतो, कारण गोळी नळीत असतानाच धक्क्याने नळी वर उचलू लागते आणि जड, संथ गोळी नळीत जास्त काळ राहून वर लागते. एका काडतुसासाठी घासलेली साइट दुसऱ्यासाठी चुकीची ठरते. जुळवता येणाऱ्या साइटमध्ये दोन स्क्रूंवर हे काम होते. साइट काळ्या, धारदार कडांच्या आणि चौकोनी असाव्यात. पुढच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना खाचेत प्रकाशाच्या स्पष्ट पट्ट्या दिसाव्यात. चमकदार फायबरचा ठिपका जवळच्या वेगवान मारासाठी ठीक आहे, पण ५० यार्डांवर तो पात्याचा माथा पुसट करतो.

मुठीचा निर्णय मात्र आपल्या हातानेच करावा. कोल्टच्या पद्धतीची मूठ धक्का बसला की तळहातात वर फिरते. मोठ्या दारूच्या काडतुसांत यामुळे हात वाचतो, पण प्रत्येक बारानंतर पकड नव्याने घ्यावी लागते आणि पकड बदलली की मार बदलतो. रुगरने १९८० च्या दशकात काढलेल्या बिस्लेची मूठ उभी असल्याने ती कमी फिरते. नेमासाठी मला ती अधिक पसंत आहे, आणि.३५७ मध्ये लांब नळीचे रुगर बिस्ले जुन्या बाजारात सापडलेच तर माझ्या ब्लॅकहॉकच्या सल्ल्याआधी ते पाहावे. लहान हातांच्या व्यक्तीला मात्र साधी मूठच बरी वाटते. चाप अडीच ते साडेतीन पौंडांच्या ओढीचा, रेंगाळ न करता एकदम सुटणारा असावा. घोडा जड असतो, लांब अंतर कापून आदळतो आणि तेवढ्या वेळात हात हललेला चालत नाही. पिस्तुलावरून आलेल्या नेमबाजाला हे जड जाते. म्हणून चाप सुटल्यावरही पुढची साइट पाहत राहण्याची सवय लावावी लागते. घोड्याची स्प्रिंग कापून चाप हलका करण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. प्रायमरवरचा (काडतुसाच्या बुडातील ठिणगी देणाऱ्या टोपीवरचा) आघात कमी-जास्त झाला की गोळीचा वेग कमी-जास्त होतो आणि ५० यार्डांवर ग्रुप उभा ताणला जातो. चापाच्या खाचांचे काम तर फक्त गनस्मिथनेच करावे.

कॅलिबरमध्ये .३५७ मी का सुचवतो? त्यात .३८ स्पेशलचे १४८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे लहान एकक) सपाट तोंडाच्या गोळीचे वॉडकटर काडतूस चालते, ज्याचा धक्का नगण्य आणि २५ यार्डांवरची अचूकता पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्धांत सिद्ध झालेली आहे. त्याचे छिद्रही कागदावर पंचने पाडल्यासारखे स्वच्छ उमटते, त्यामुळे गुणांचा वाद राहत नाही. .३८ चे काडतूस .३५७ पेक्षा सुमारे १३५ थाऊ आखूड असल्याने चेंबरमध्ये काजळीचे कडे साचते. ते ब्रशने वेळोवेळी काढले नाही तर लांब काडतूस नीट बसत नाही. सिलुएटमध्ये .३५७ ने कोंबडी, डुक्कर, टर्की निभावतात, २०० मीटरांवरचा मेंढा मात्र गोळी लागूनही कधीकधी उभा राहतो. त्या खेळात खोल उतरायचे ठरले तर मग .४१ किंवा .४४ मॅग्नम लांब नळीत घ्यावे. .४५ कोल्ट स्वतः गोळ्या ओतणाऱ्या आणि काडतुसे भरणाऱ्यासाठी आहे. .२२ लाँग रायफल व .२२ मॅग्नम असे दोन बदलते सिलिंडर असलेले सिंगल-सिक्स सरावासाठी छान आहे, पण त्याची नळी मॅग्नमच्या मापाची किंचित मोठी असते, त्यामुळे .२२ लाँग रायफलमध्ये आपल्या पिस्तुलाइतकी अचूकता त्याच्याकडून अपेक्षू नये.

वापरलेले रिव्हॉल्व्हर जरूर घ्यावे, तपासून घ्यावे. दुकानात परवानगी घेऊन, सहाही चेंबर रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, सिलिंडरवर एका बोटाचा हलका अडथळा ठेवत घोडा अगदी सावकाश ओढावा. घोडा शेवटच्या खाचेत बसण्याआधीच सिलिंडर लॉक झाला पाहिजे, आणि हे सहाही चेंबरांवर पाहावे. लॉक झाल्यावर सिलिंडर बाजूला किंचित हलतो. त्याने घाबरून जाऊ नये, साध्या कारखानी रिव्हॉल्व्हरमध्ये एवढी ढिलाई गोळीला स्वतः रेषेत यायला मदतच करते. पुढे-मागे हलत असेल तर मात्र झीज झालेली आहे. सिलिंडर व नळी यांमधील फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी: चार ते सहा थाऊ उत्तम, आठच्या वर गेली तर सोडून द्यावे. मग नळीचे टोक भिंगाखाली पाहावे. या रिव्हॉल्व्हरांची फ्रेम बंद असल्याने साफसफाईची दांडी पुढूनच घालावी लागते, आणि निष्काळजी मालकाच्या दांडीने टोकाची आतली कड एका बाजूने झिजलेली असते. अशी नळी पुन्हा क्राउन करता येते, म्हणजे तिच्या टोकाची कड नव्याने सारखी करता येते, त्यामुळे व्यवहार मोडण्यापेक्षा किंमत कमी करून घ्यावी.

कायद्याबाबत दोन गोष्टी. ग्रीन कार्ड असल्याने आपल्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली शस्त्र घेता येते. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र ते बाळगण्यास बंदी आहे आणि शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. आपल्या ओळखीतल्या मराठी मंडळींना रेंजवर घेऊन जाण्याआधी हे त्यांना सांगावे. दुसऱ्या राज्यातून घेतलेले शस्त्र परवानाधारक विक्रेत्यामार्फतच हाती यावे लागते. पुढे कधी भारतात परतायचे झाले तर ते सोबत नेता येईल असे गृहीत धरू नये.

रिव्हॉल्व्हर घरी आल्यावर पहिले महत्त्वाचे काम म्हणजे चेंबरवार चाचणी. पुसता येणाऱ्या शाईने सिलिंडरवर १ ते ६ आकडे लिहावेत, बेंचवर वाळूच्या पिशव्यांवर हात नीट टेकवून २५ यार्डांवर सहा वेगळी लक्ष्ये लावावीत आणि प्रत्येक चेंबरमधून एकाच बनावटीच्या काडतुसाच्या पाच-पाच गोळ्या त्याच्या-त्याच्या लक्ष्यावर मारून सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरावेत. सहाही ग्रुप एकाच जागी आणि दीड इंचाच्या आत आले तर आपल्या हाती स्पर्धेचे शस्त्र आहे. एखाद्या चेंबरचा ग्रुप लहान आहे पण बाजूला जातो, तर ते चेंबर रेषेत नाही; पाचच चेंबर वापरून स्पर्धेतील पाच बारांची मालिका त्यावर सहज खेळता येते, आणि रिव्हॉल्व्हर नवे असेल तर ते कंपनीकडे परत पाठवावे. एखाद्या चेंबरचा ग्रुप जागेवर आहे पण विखुरलेला, तर त्याचा थ्रोट पुन्हा पिन गेजने मोजावा. बहुधा तो अरुंद निघतो, आणि गनस्मिथच्या रीमरखाली ते अर्ध्या तासाचे काम असते.